मुलगा सारखा तो काळाकुट्ट बॅटमॅन बघतो...

"मॅडम, रात्री दार लावून एकच सिनेमा बघत बसतो. डोक्यात काही भलतंच शिरलं तर?"

२०२२च्या मार्चमध्ये मॅट रीव्हज यांचा 'द बॅटमॅन' आला, तेव्हापासून हा प्रश्न समुपदेशनाला आलेल्या कितीतरी आयांकडून ऐकला. त्याआधी 'जोकर'च्या वेळीही हेच. काळजी अगदीच अनाठायी नाही. जवळजवळ तीन तास पाऊस, अंधार आणि रिडलर नावाच्या खलनायकाने केलेले खून. नायक म्हणजे आईवडिलांच्या खुनातून न सावरलेला, रात्रभर गुंडांना बडवत फिरणारा तरुण. कार्टूनमधला बॅटमॅन पाहिलेल्या पालकांना तो आजारीच वाटतो.

अकरावीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडील रस्ता अपघातात गेलेले, धडक देणारा ड्रायव्हर जामिनावर बाहेर. "एकदाही रडला नाही हो," आई म्हणाली.

सिनेमा चांगला की वाईट, यात मी शिरतच नाही. त्याला विचारलं, "कुठला सीन मागे नेऊन बघतोस?"

"स्टेशनवरचा. सगळ्यांना लोळवतो आणि सांगतो, मी म्हणजे सूड."

"आणि ज्याला वाचवतो, तो माणूस?"

"तो... यालाच घाबरतो."

"तेच शब्द शेवटी आणखी कोण बोलतं?"

बाटलीचं लेबल सोलणारं नख थांबलं. "रिडलरचा माणूस. मुखवटा काढल्यावर." मग बऱ्याच वेळाने, "तेव्हा बॅटमॅनची हवाच जाते."

मी पुढे काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं सोपं नसतं, पण मला ते जमतं.

पुढच्या एका भेटीत तो आपणहून म्हणाला, "नंतर तो पुराच्या पाण्यात उतरतो ना, तेव्हा त्याचा हात पहिल्यांदा महापौरांचा मुलगा धरतो. त्याचेपण बाबा गेलेत." आणि एकदम, "मला तेराव्याला काका म्हणाले, आता तूच घरातला कर्ता. रडायचं नाही."

मग तो रडला. खूप.

भावना घटनेतून थेट येत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या विचारातून येते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मी पक्कं धरून आहे. या मुलाचा संताप ड्रायव्हरवर होताच, पण त्याला पेटतं ठेवत होती ती स्वतःवरची सक्ती: बाबांसाठी मी काहीतरी केलंच पाहिजे, नाहीतर मी कसला मुलगा! सिनेमाने ती सक्ती दिली नव्हती, तेराव्याच्या पंगतीत मिळाली होती. पुढचं काम साधं होतं. कोर्टाच्या तारखांना मामा जायला लागले. आईने त्याच्याबरोबर बसून सिनेमा पाहिला, मधे उपदेश न करता.

तुम्हीही तेच करा. सिनेमा बंद करू नका. मूल कुठल्या प्रसंगाशी थांबतं आणि त्यात त्याला कोण आपलंसं वाटतं, ते विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. मिळालं की "पण बाळा" म्हणून तोडू नका.

झोप उडाली, जेवण सुटलं, मित्र तुटले, कुणाला धडा शिकवायची तयारी दिसली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर मात्र सिनेमावर चर्चा करत बसायचं नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेली-मानसवर, १४४१६ या नंबरवर, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.