दात येताना लेकरू रात्रभर जागं राहतं तेव्हा

अगं, तुझं सगळं दोनदा वाचलं. सात महिन्यांचा मुलगा, पाच रात्री डोळ्याला डोळा नाही, लाळेनं झबलं ओलंचिंब, अंगावर पिताना चावतो, आणि सासूबाई म्हणतात मधात टाकणखार कालवून हिरड्यांना लाव. त्यात काल संध्याकाळी अंग १०१ लागलं. आधी तापाचंच सांगते, बाकीचं नंतर.

दात येताना अंग जरासं कोमट लागतं, तेवढंच. १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप दातामुळे येत नाही. १०१ आहे म्हणजे दुसरं काहीतरी कारण आहे, म्हणून आजच डॉक्टरांना दाखव. दूध घेत नसेल, लघवी कमी झाली असेल, लेकरू मलूल पडलं असेल किंवा श्वास भराभर चालला असेल, तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघू नकोस.

हे एवढ्या जोर देऊन सांगते, कारण माझी थोरली आठ महिन्यांची असताना आम्ही तीन दिवस घालवले. घरातलं प्रत्येक माणूस म्हणत होतं, दाताचा ताप आहे, दात वर आला की उतरेल. हिरडी फुगलेली मला स्वतःला दिसत होती, म्हणून मीही तेच धरून बसले. चौथ्या दिवशी तिनं दूध सोडलं तेव्हा पळालो. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झालं, दोन दिवसांत पोरगी खेळायला लागली. दात मात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आला.

असं का होतं ते समजून घे. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण सहा महिन्यांच्या सुमारास ओसरत येते. नेमके त्याच वेळी दात सुरू होतात, लेकरू पालथं पडून सरकायला लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. मग ताप, जुलाब, कान दुखणं सगळं दाताच्या खात्यावर जमा होतं. जुलाबाचंही तेच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आपण पिंपात साठवतो, त्यामुळे त्याच्या तोंडात जाईल ते सगळं उकळलेल्या पाण्यातलंच हवं.

आता मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरसुद्धा नको. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. टाकणखार तर पोटात गेला की विषारीच. सासूबाईंनी त्यांच्या वेळी लावलं आणि मुलं बरी राहिली, हे खरं असेल, त्यांच्याशी वाद घालू नकोस. डॉक्टरांनी वर्षापर्यंत मध बंद सांगितलाय, एवढंच म्हण आणि त्यांच्या हाती दुसरं काम दे. ते काम म्हणजे टॉवेल.

आपण सोलापुरात, टॉवेलच्या गावात राहतो, त्याचा उपयोग करून घे. चाटी गल्लीत किंवा घराजवळच्या कुठल्याही दुकानात टेरीचा, म्हणजे टॉवेलसारख्या फाशांच्या कापडाचा, छोटा पांढरा नॅपकिन मिळेल, गडद रंगाचा घेऊ नकोस. नव्या कापडाला खळ असते आणि तंतू सुटतात, म्हणून आधी तीन-चारदा धू, मग उकळून घे. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळ, एका टोकाला घट्ट गाठ मार, स्टीलच्या स्वच्छ डब्यात घालून तासभर फ्रीजमध्ये ठेव. खालच्या खणात हं, फ्रीझरमध्ये नाही. दगडासारखं गोठलेलं हिरडीला चटका देतं. मग सासूबाईंनी नातवाला मांडीवर घ्यायचं, मोकळं टोक स्वतःच्या हातात धरायचं आणि गाठ त्याच्या तोंडात द्यायची. ते बारीक खरबरीत फासे हिरडीवर घासले की पोरं कशी शांत होतात बघ. माझा धाकटा दोन्ही मुठीत धरून, डोळे मिटून, नाकातून आवाज काढत चावायचा. असे चार नॅपकिन कर, दर वेळी धुतलेला घे.

नखं कापलेल्या, धुतलेल्या बोटानं हिरडी दाबून चोळलीस तरी आराम पडतो. पाजायच्या आधी दोन मिनिटं हे केलंस तर चावणंही कमी होईल. चावलाच तर ओढून काढू नकोस, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकव, तोंड आपोआप सुटतं. खारीक, गाजर, ज्येष्ठमधाची काडी चघळायला देऊ नकोस, तुकडा मोडून घशात अडकतो. मण्यांच्या माळाही नकोत. हिरडी बधिर करणारी जेल तर अजिबात आणू नकोस. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरू नका असं बजावलंय. शिवाय लाळेबरोबर ती लगेच वाहून जाते.

हनुवटीवर पुरळ आलं असेल तर लाळ पुसू नको, टिपून घे. झोपवताना खोबरेल तेलाचा पातळ हात लाव. लाळेरं ओलं झालं की बदल, पण झोपेत गळ्यात ठेवू नकोस.

पॅरासिटामॉल खूपच कळवळला तर, आणि डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेल्या मापानंच. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, मध्ये निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. थेंबांची आणि सिरपची बाटली एकसारखी समजू नकोस. थेंबांच्या १ मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरात १२० किंवा १२५. म्हणजे तेवढ्याच मापात थेंबांमध्ये सिरपच्या जवळजवळ चौपट औषध. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नकोस, सिरिंजच घे.

आता रात्रीचं. एका दाताचा त्रास साधारण आठ दिवसांचा, दात फुटण्याआधी चार आणि नंतर तीनेक. त्यापुढेही रोज दर तासाला उठत असेल तर कारण दात नाही. या वयात मुलांना आई नजरेआड झालेली कळायला लागते, नवं सरकणं-बसणं झोपेतही चालू असतं. शिवाय दुखत होतं तेव्हा आपण दर वेळी कडेवर घेऊन फिरवलेलं असतं, त्याची सवय लागते. आठवडाभर हवं तितकं कडेवर घे, मनात काही आणू नकोस. दात दिसला की मात्र रोज एकाच वेळी अंग पुसणं, दूध, अंगाई, दिवा बंद हा क्रम पुन्हा धर. रात्री कुरकुरला तर आधी थोपट, लगेच उचलू नको.

झोळी दिवसा, कोणी शेजारी बसलेलं असताना ठीक. पालथं पडणारं बाळ रात्री झोळीत नको. सपाट घट्ट गादीवर उताणं झोपव, चादर तोंडावर येईल अशी जवळ ठेवू नकोस. उन्हाळ्यात आपल्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात, पातळ सुती झबलं पुरे.

आणि तुझी झोप. नवऱ्याला 'मदत कर' असं म्हणू नकोस, वेळ वाटून घे. दहा ते दोन तो, दोन ते सहा तू. त्याच्या वेळेत पाजायचं असेल तरच तू ऊठ, तेव्हाही बाळाला त्यानं आणून द्यावं आणि नंतर तोच झोपवेल. माझे मिस्टर लूमवर रात्रपाळीला असायचे, म्हणून आमच्याकडे पहाटे पाच ते सात आई बाळाला घ्यायच्या. त्या दोन तासांवर मी दिवस काढले. मध्यरात्री अंगात त्राण उरलं नाही, राग अनावर झाला, तर बाळाला गादीवर सुरक्षित ठेव आणि पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहा. तो रडला तरी चालेल, गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही. तुझं स्वतःचं रडू दोन आठवडे थांबत नसेल तर तेही डॉक्टरांना सांग.

वरचे दात आधी आले तर मामावर संकट, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. बहुतेकांना खालचे दोन आधी येतात, काहींना वरचे, आणि वीसही दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात.

आज जाताना लसीकरणाचं कार्ड ने, ताप कधी किती होता आणि शेवटची लघवी किती वाजता झाली ते कागदावर लिहून ने. काय निघालं ते मला रात्री कळव, मी जागी आहे.