वाड्याच्या जोत्यात नाणी निघाली तर

आधी खोदकाम थांबवा, आणि शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) चिंचेने घासायला घेऊ नका. हिरवट थराबरोबर अक्षरंही झिजतात; अभ्यासकाला नेमकी तीच हवी असतात. मडक्यासकट जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, खोलीही टिपा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, अंदाजे किती, कुठे, कधी. (हो, १० रुपयेच!) जुन्या बाजारात परस्पर विकायचा मोह नको.

माळ्यावरचे मोडी कागद निराळे. ऐतिहासिक मोलाचं, किमान ७५ वर्षांचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याला लॅमिनेशन मुळीच नको, ते कागदाला धक्का न लावता निघत नाही. वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा.