पट्टे सोडण्यापूर्वी

प्रश्न : वादळांच्या हंगामात आमची शिडाची बोट त्रिनिदादमधील चाग्वारामास येथील यार्डात दुरुस्तीसाठी ठेवली होती. ती पुन्हा पाण्यात उतरवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा मानला जातो, तो सरत आला की सगळ्यांनाच एकदम बोटी उतरवायच्या असतात आणि घाईत नेमके महत्त्वाचे राहून जाते. यार्डात बोटीला आधार देणाऱ्या टेकूंखाली झाकलेला भाग बोट क्रेनला टांगलेली असतानाच रंगवून घ्यावा. बोटीच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजावेत म्हणून बसवलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांना मात्र रंग लागू देऊ नये, कारण रंगवलेले जस्त झिजत नाही आणि मग त्याच्याऐवजी बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) झिजू लागतो.

बोट तरंगू लागली तरी तिला पेलणारे क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका; क्रेनवाला कुरकुरला तरी चालेल. आतल्या फळ्या उचलून तळातील प्रत्येक झडप आणि तिच्या नळीचा जोड गळतो का, हे बोटांनी चाचपून पाहा. पंख्याच्या दांड्याला रबरी भात्याचे सील असल्यास, इंजिन सुरू करण्यापूर्वी भाता दाबून आत अडकलेली हवा काढा आणि पाण्याची चिळकांडी उडाल्यावरच तो सोडा, अन्यथा कोरडे सील तापून निकामी होते. इंजिन सुरू झाल्यावर धुराड्यातून इंजिन थंड करणारे पाणी पडते आहे ना, तेही पाहावे.