मुदत दिली, पण कोणत्या कामासाठी?

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची असून ७८ टक्के गुण मिळवून पदवीधर झाली आहे. गेले आठ महिने ती चार कलाकारांच्या संचाबरोबर प्राथमिक शाळांत फिरून, मुलांना सहभागी करून घेणारी नाटके करते. मी तिला वर्षाची मुदत दिली आहे. तेवढ्यात मोठ्या रंगभूमीवर किंवा मालिकेत काम मिळाले नाही, तर ती बँकेच्या परीक्षा देईल, हे तिने मान्य केले आहे. तयारी आतापासूनच सुरू करावी का? ती काय करते, हे नातेवाइकांना सांगणेही अवघड जाते.

उत्तर : बँकेचा विषय आधी संपवते. पदवी हातात आहे आणि अधिकारीपदासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३० वर्षे आहे, त्यामुळे घाईचे कारण नाही.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या मुदतीपाशी अडखळले. मुलगी काम करते प्राथमिक शाळांत आणि तिचा निकाल लागणार मालिकेत भूमिका मिळाली की नाही यावर. वर्षभरात वकिली जमली नाही म्हणून एखाद्या शिक्षिकेला नापास करण्यासारखेच हे झाले. तिला मालिकेत जायचे आहे, असे आपल्या पत्रात कुठेही नाही. तिने अट मान्य केल्याचे आपल्याला समाधान दिसते. मला मात्र त्या होकाराचीच काळजी वाटते, कारण वाद घालून उपयोग नाही हे कळून चुकलेली मुलेच इतक्या सहज ‘बरं’ म्हणतात. नातेवाइकांना काय सांगायचे, ही अडचण आपली आहे. त्या अडचणीची किंमत मुलीने मोजू नये.

बालनाट्य ही मोठ्यांच्या नाटकाकडे जाणारी खालची पायरी आहे, हा गैरसमज या अटीच्या मुळाशी आहे. इंग्लंडमधील कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये शाळांत जाऊन काम करणारे पथक उभे केले, तेव्हापासून ‘थिएटर इन एज्युकेशन’ हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून वाढले आणि त्यातील कलाकार अभिनेता-शिक्षक म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानेही १९८९ मध्ये यासाठी वेगळे पथक स्थापन केले. मोठ्या रंगमंचावरील नटाचा प्रेक्षक अंधारात बसलेला असतो. इथे तो उजेडात, हातभर अंतरावर, जमिनीवर बसतो आणि मध्येच बोलतो. समजा, गोष्टीतल्या म्हातारीची पेटी उघडायची का, असे एक पात्र मुलांना विचारते. ‘उघडा, उघडा’ असा गलका होतो आणि त्यातच भिंतीशी बसलेला एक मुलगा हळूच म्हणतो, “पण तिला विचारलं का?” कच्चा कलाकार ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो आणि पेटी उघडतो, कारण पुढचा प्रवेश पेटी उघडल्यानंतरचा आहे. कसलेला कलाकार पेटीवरचा हात काढून घेतो, गलका ओसरेपर्यंत थांबतो आणि म्हातारीच्या भूमिकेतील सहकाऱ्याकडे वळतो. त्या क्षणी पुढचे वाक्य दोघांनाही ठाऊक नसते, गोष्ट कुठे न्यायची आहे एवढेच ठाऊक असते. मुलांकडून हवे ते उत्तर वदवून घेणे आणि त्यालाच सहभाग म्हणणे सोपे असते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांनाही ती लबाडी लगेच कळते.

हा व्यवसाय सुखाचा आहे, असे मी म्हणणार नाही. मुले येण्याआधी नेपथ्य लावायचे, सभागृह दुसऱ्या वर्गाला हवे म्हणून घाईने आवरायचे, दुपारी दुसऱ्या शाळेत तोच खटाटोप पुन्हा करायचा, आणि शाळांच्या परीक्षा किंवा सुट्ट्या सुरू झाल्या की उत्पन्नही थांबते. म्हणून एक प्रश्न तिला अवश्य विचारा, आणि तो दरडावून विचारू नका : लेखी करार आहे का, एका प्रयोगाचे शाळेकडून किती मिळतात आणि त्यातला तिचा वाटा कसा ठरतो? आठ महिन्यांनंतरही हे तिला सांगता येत नसेल, तर तिच्या हौसेवर दुसऱ्याचे काम चालले आहे, हे तिनेही ओळखले पाहिजे. पुढील शिक्षणासाठी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या आगरतळा केंद्रात याच विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. बालविकासाचे किंवा शिक्षणशास्त्राचे शिक्षण घेतले, तर शिक्षकांच्या कार्यशाळा घेण्याची वाटही खुली होते.

मुदत ठेवायचीच असेल, तर ती तिच्याच कामाची ठेवा : वर्षअखेरीस हाती लेखी करार असावा, एखादा प्रयोग तिने स्वतः बांधलेला असावा आणि काही शाळांनी तिच्या संचाला पुन्हा बोलावलेले असावे. मात्र त्याआधी आपण एक प्रयोग पाहायला हवा. आठ महिन्यांत एकही पाहिल्याचा उल्लेख पत्रात नाही. शाळेची परवानगी काढून मागच्या भिंतीशी बसा आणि मुलीपेक्षा समोरच्या मुलांकडे अधिक पाहा. आपण आलेले चालेल का, हे मात्र आधी तिला विचारा.