राजीनामा नको, चौदा महिन्यांची रजा घ्या

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्रामीण समाजशास्त्र शिकवता, वय ४१. आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीत मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांच्या गटांबरोबर दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करायचं बोलावणं आलं आहे. विमानभाडं, राहण्याची सोय आणि महिन्याचा निर्वाह भत्ता मिळेल, पगार नाही. यजमान नोकरीत आहेत. घरकर्जाची नऊ वर्षं बाकी आहेत, मुलगी चार वर्षांनी कॉलेजात जाईल. संस्था १५ महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा देते, त्यापुढे राजीनामाच. तुम्ही विचारलंय ते असं: ठेवी मोडून कर्ज जमेल तेवढं फेडावं आणि डोक्यावरचा भार हलका करून जावं का?

नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा बेत हाच आहे, आणि तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो हीच अडचण.

तुमचा हातात पडणारा पगार १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापात मोजू. यजमानांचे ७०. घरखर्च ७५, त्यातले २० तुमच्या एकटीचे. कर्जाचा हप्ता ३५, विमा ५, मुलीसाठी २०, निवृत्तीसाठी २५, किरकोळ १०. तुम्ही गेलात की घरात येणार ७०. दोन्ही बचती थांबवल्या, किरकोळ खर्च बंद केला, तुमचे २० वगळले, तरी घरखर्च, हप्ता आणि विमा मिळून ९५ लागणारच. दर महिन्याला २५ची खोट.

ठेवी ९०० आहेत. त्यातले ८०० कर्जात घातले तर कर्जाचा साधारण तिसरा हिस्सा फिटेल, पण सहसा मुदत कमी होते, हप्ता तोच राहतो. हातात उरलेले १०० चार महिन्यांत संपतील. हप्ता कमी करून घेतलात तरी सात महिन्यांच्या पुढे मजल जात नाही. मग यजमान चढ्या व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढतील, तेही स्वस्त कर्ज लवकर फेडल्यामुळे. कर्जाला त्याच्या गतीने चालू द्या. ठेवी जिथे आहेत तिथेच, हात घालता येईल अशा राहू द्या.

आता दोन वर्षं की कमी? २४ महिन्यांची खोट ६००. परतल्यावर नोकरी शोधायला सहा महिने लागले, तर तेव्हा तुमचे २० पुन्हा घरात धरून महिन्याला ४५, म्हणजे आणखी २७०. ठेवींत उरतात ३०. कागदावर जमतं, एक मोठं आजारपण आलं की जमत नाही. वर त्या २४ महिन्यांत मुलीच्या आणि निवृत्तीच्या बचतीत न गेलेले १०८० वेगळेच. ते खर्च म्हणून कुठे दिसत नाहीत, म्हणून कुणी मोजत नाही.

इथे मी तुमच्याच विषयाचा आधार घेतो. गावात जमिनीवर बारा रकाने आखून, लोकांना मक्याचे दाणे मांडायला लावून हंगामाचं कॅलेंडर तुम्ही कित्येकदा करून घेतलं असेल. मलावीचं तसं मांडून बघा. पावसाळा एकच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पेरणी त्याच्या तोंडाशी, काढणी एप्रिल-मेमध्ये. वर्ष सरता सरता कणग्या रित्या होऊ लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात ओढाताणीचे. सप्टेंबरात पोहोचलात आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर अखेरीस निघालात, तर पेरणी, टंचाई, काढणी आणि काढणीनंतरची विक्री असं एक पूर्ण चक्र तुमच्या डोळ्यांसमोरून जातं. दोन-चार आठवड्यांची फेरी तंत्रज्ञाला पुरते, समाजशास्त्रज्ञाला नाही, हे मला मान्य आहे. पण एका चक्रासाठी १४ महिने पुरतात, आणि ते तुमच्या रजेत बसतात.

१४ महिन्यांची खोट ३५०. परत आल्यावर नोकरी जागेवर, म्हणून ते २७० लागत नाहीत. उरलेल्या ५५० मधून मुलीचे महिन्याचे २० चालूच ठेवा. तिच्याकडे चारच वर्षं आहेत, भरपाईला वेळ नाही. निवृत्तीचं थांबवा, तिथे अजून १९ वर्षं हातात आहेत. तरीही २७० शिल्लक. माझ्या मते जाण्याजोगा सौदा हा आहे.

बोलावणाऱ्या संस्थेला १४ महिने चालतील का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारताना भत्ता कोणत्या चलनात आहे तेही विचारा. नोव्हेंबर २०२३मध्ये मलावीच्या मध्यवर्ती बँकेने तिथल्या चलनाचं, क्वाचाचं अवमूल्यन केलं. डॉलर सुमारे १,१८० क्वाचांवरून १,७०० वर गेला. ज्यांचा भत्ता क्वाचात ठरला होता, त्यांच्या शंभराचे डॉलरच्या मापात रातोरात सत्तरच्या आसपास उरले. भत्ता डॉलरशी बांधलेला असावा, निदान दर सहा महिन्यांनी फेरविचार होईल असं करारात असावं.

प्रकल्प मध्येच बंद पडला तर काय, हेही लेखी घ्या. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा अनेक देशांतली कामं जिथल्या तिथे थांबली. परतीचं तिकीट कोण काढणार आणि निघताना काही रक्कम मिळणार का? यूएन व्हॉलंटियर्स या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात निर्वाह भत्ता, आरोग्यविमा आणि शेवटी निघतानाचा भत्ता अशी रचना असते. तुमचा करार त्याच्या शेजारी ठेवून वाचा. विम्यात गंभीर रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला हवा. घरची आरोग्य पॉलिसी मात्र सोडू नका, नाहीतर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागू शकतो. आयुर्विमा कंपनीलाही परदेशी मुक्कामाचं कळवून ठेवा. करासाठीचा रहिवास बऱ्याच देशांत वर्षातल्या १८३ दिवसांच्या आसपास बदलतो; कर सल्लागाराला निघण्यापूर्वी भेटा.

एक खर्च तुम्ही धरलेलाच नाही: दुभाषा. चिचेवा भाषा हाताशी येईपर्यंत त्याची रोजची मजुरी कोण देणार? आणि जानेवारीत शेजारीण पीठ संपलं म्हणून उसने मागायला दारात उभी राहील, तेव्हा तुम्ही नाही म्हणणार नाही, हे पत्रावरूनच दिसतं. त्यासाठी १५ वेगळे काढून ठेवा. परत येणार नाहीत असंच धरा.

बिनपगारी रजेत ज्येष्ठता आणि निवृत्तिनिधीचं काय होतं, याचं उत्तर संस्थेकडून लेखी आलं की मला पाठवा. बचतीचे आकडे त्यावर पुन्हा मांडून देतो.