वाचकांचे प्रश्न : शस्त्रसंधी मोडते कुठे?

प्रश्न : लेबनॉनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये शस्त्रसंधी झाली, तरी हल्ल्यांच्या बातम्या येतच राहिल्या. असे करार कुणाला पाळायचेच नसतात का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नियतीत खोट असतेच, पण आधी कागद वाचावा. २७ नोव्हेंबरला पहाटे ४ वाजता लागू झालेली ही संधी इस्रायल आणि लेबनॉन सरकार यांच्यातली. लढाई होती हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेशी, आणि त्यांची सहीच नाही. त्यांना लितानी नदीच्या दक्षिणेकडून हटवायचं काम आलं लेबनॉनच्या लष्कराकडे, ज्याने या संघटनेशी थेट पंगा घेणं वर्षानुवर्षं टाळलं होतं. (२००६ च्या सुरक्षा परिषदेच्या १७०१ क्रमांकाच्या ठरावातही हीच अट होती.)

मुदत ६० दिवसांची. तेवढ्यात लेबनॉनची फौज दक्षिणेत पसरणार, इस्रायलची मागे सरकणार. पण आधी हलायचं कुणी? इस्रायल म्हणे, तुमची फौज पोचली नाही. लेबनॉन म्हणे, तुम्ही जागा सोडत नाही. मुदत १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत वाढवली, तरी सीमेलगतच्या पाच मोक्याच्या जागा इस्रायलने सोडल्या नाहीत.

खरी गोम स्वसंरक्षणाच्या कलमात आहे. तो हक्क दोन्ही देशांना ठेवलाय. आता एखाद्या गोदामात रॉकेट दडवलंय असा संशय आला, तर त्यावर बॉम्ब टाकणं हे स्वसंरक्षण की उल्लंघन? अमेरिकेच्या अध्यक्षतेखालची देखरेख समिती तक्रारी घेते, पण आकाशात आलेलं ड्रोन तिला अडवता येत नाही.

प्रश्न : आपल्याकडे नागालँडमधली संधी इतकी वर्षं कशी टिकली? (वाचक, मुलुंड)

उत्तर : १ ऑगस्ट १९९७ पासूनची एनएससीएन (आयएम) या नागा बंडखोर संघटनेबरोबरची केंद्राची संधी टिकली, कारण तिला रोजचे नियम आहेत : ठरलेले कॅम्प, बाहेर गणवेशात हत्यार घेऊन फिरायचं नाही, खंडणी नाही, तक्रारींसाठी देखरेख गट. खंडणीचा नियम सर्रास मोडला जातो, तो भाग वेगळा. जून २००१ मध्ये संधीला ‘प्रादेशिक मर्यादा नाही’ असं बँकॉकमध्ये ठरलं, म्हणजे ती नागालँडबाहेरही लागू, आणि शेजारचं मणिपूर पेटलं. १८ जूनला इंफाळमध्ये जमावाने विधानसभेची इमारत जाळली, गोळीबारात माणसं मेली. केंद्राला ते शब्द मागे घ्यावे लागले.

फूट पडली की धोका दुप्पट. एनएससीएनच्याच खापलांग गटाने मार्च २०१५ मध्ये केंद्राशी असलेली आपली वेगळी संधी मोडली. ती चालू ठेवू पाहणारे नेते बाहेर पडून वेगळी चूल मांडून बसले. ४ जूनला मणिपूरमधल्या चंदेलमध्ये झालेल्या हल्ल्यात १८ जवान मारले गेले.

बातमी वाचताना नोटिशीचं कलमही शोधा, म्हणजे संधी मोडण्याआधी किती दिवस कळवायचं ते. श्रीलंकेत २००२ च्या करारात १४ दिवसांची नोटीस होती. तमिळ वाघांशी प्रत्यक्ष युद्ध २००६ पासूनच पेटलं होतं. सरकारने नोटीस दिली जानेवारी २००८ मध्ये.