धुळ्याहून प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला ताप आहे, लघवीला जळजळते. उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी देत राहू का?

नाही, ताप आणि जळजळ एकत्र असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी लघवीची तपासणी व कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे ओळखण्याची चाचणी) करून घ्या. धण्याचं पाणी द्या, त्याने अपाय नाही, पण जंतुसंसर्ग त्याने जात नाही. बहुतेक वेळा तो आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आणि उपचार लांबले तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो. मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. आपल्या खान्देशात नमुनाच बिघडलेला पाहते : गावाहून बाटली एसटीने, भर उन्हात दोन-दोन तास प्रवास करून येते, तोवर तिच्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. म्हणून जागा साध्या पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी लॅबमध्येच निर्जंतुक डबीत घ्या. औषधाचा कोर्स ताप उतरला तरी अर्धवट सोडू नका. ताप, जळजळ काहीच नसेल, नुसती लघवी गडद पिवळी असेल, तर मात्र आधी भरपूर पाणी पाजून दिवसभर बघायला हरकत नाही.